विमानतळ ते विमानतळ अंतर सांगणारी वेबसाइट: किलोमीटर पक्के, तास कच्चे

आधी निकाल सांगते, कारणं मग. दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर किती आणि फ्लाइटला किती तास लागतील हे सांगणाऱ्या ज्या फुकट वेबसाइट असतात ना, त्यातली सर्चमध्ये एकदम वर येणारी एक मी आई-पप्पांच्या अमेरिकेच्या प्रवासासाठी भरपूर वापरली. अंतरासाठी पाचपैकी पाच स्टार. फ्लाइटच्या वेळेसाठी दोन. आणि खाली जाड अक्षरात जो "टोटल ट्रॅव्हल टाइम" दाखवतात त्याला शून्य, कारण नाशिककरांनी त्या आकड्यावर विसंबून गाडी बुक केली तर विमान चुकेल. साइटचं नाव लिहीत नाहीये, कारण अशा दहा साइट आहेत आणि थोड्याफार फरकानी सगळ्या तशाच चालतात.

तर गरज काय होती ते सांगते. दादा-वहिनी न्यू जर्सीत एडिसनला राहतात, आई-पप्पा पहिल्यांदाच दोघंच जाणार होते, मुंबई ते न्यूयॉर्क नॉनस्टॉप. आईला शुगर आहे, तिच्या गोळ्या आणि जेवण यांचं गणित घड्याळावर चालतं, आणि आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की घरातून निघाल्यापासून तिकडे घरी पोचेपर्यंत एकूण किती तास आणि त्यात सलग बसून किती. आता तिकिटावर बघाल तर तिथं दोन वेगवेगळ्या देशांच्या घड्याळांच्या वेळा असतात, त्यावरून चटकन काही कळत नाही, म्हणून लोक अशा साइटवर जातात आणि म्हणूनच या साइट बरोबर असायला पाहिजेत असं माझं प्रामाणिक मत आहे. हा टाइमपासचा विषय नाही, कोणाची तरी आई त्या आकड्यावर गोळी घेणार असते.

पहिले चांगलं सांगते. मुंबई आणि न्यूयॉर्कचं जेएफके टाकलं की साइट सांगते १२,५४० किलोमीटर, म्हणजे ७,७९२ मैल, म्हणजे ६,७७१ नॉटिकल मैल. तिन्ही एककं एकाच वेळी दिसतात हे छान आहे, कारण विमानवाले नॉटिकल मैलात बोलतात (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) आणि अमेरिकेतले लोक साध्या मैलात. हा आकडा मी ग्रेट सर्कल मॅपरवर पण ताडून बघितला, ती साइट दिसायला अगदी जुनाट आहे पण अंतराच्या बाबतीत चोख, तिथं पण जवळपास तेवढंच. दोन साइटमध्ये पाच-दहा किलोमीटरचा फरक आला तर घाबरू नका, काही साइट पृथ्वीला पूर्ण गोल धरतात, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, आणि काही साइट पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे हे हिशोबात घेतात. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवाशी ६,३५७ किलोमीटर आहे, त्यामुळे एवढ्या लांबच्या अंतरात तेवढं इकडं तिकडं होणारच.

आता नकाशा. साइट नकाशावर एक कमान काढून दाखवते, मुंबईहून निघून वर वर जात पार आइसलंडपर्यंत चढणारी आणि मग कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला उतरणारी. आई म्हणाली, "अगं हे एवढं वळसा घालून का नेतायत, सरळ डावीकडे का नाही जात?" हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि साइटवर याचं उत्तर कुठेच नाही, हा माझ्या दृष्टीनी मोठा दोष. पप्पा नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएलमधून (विमानांचा कारखाना) रिटायर झालेत, आयुष्य मिग लढाऊ विमानांच्या ओव्हरहॉलिंगमध्ये गेलं, त्यांनी काही न बोलता माझ्या मुलीचा शाळेचा पृथ्वीगोल आणला, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक मुंबईवर अंगठ्यानी दाबलं आणि दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. ढिला होता तोवर तो अरबस्तान, आफ्रिकेचं वरचं टोक, अटलांटिक असा पडला होता. ताणल्याबरोबर सरकला वर, पाकिस्तान, अफगाणिस्तान, मग रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाच्या खालून कॅनडा आणि मग न्यूयॉर्क. आईनी स्वतः बोट फिरवून बघितलं आणि मग तिला पटलं की तीच खरी सरळ रेघ आहे, वाकडा आहे तो भिंतीवरचा नकाशा. तो सपाट नकाशा मर्केटर नावाच्या माणसाच्या १५६९ सालच्या पद्धतीचा, बोटीवाल्यांना दिशा पकडायला सोपा जावा म्हणून केलेला, त्यात उत्तरेकडचे देश फुगून मोठे दिसतात आणि जवळचा रस्ता लांबचा वाटतो. साइटवाल्यांनी नकाशाखाली एवढ्या दोन ओळी टाकल्या असत्या तरी पुष्कळ झालं असतं.

एक गंमत इथेच सांगून टाकते. मुंबईऐवजी नाशिक टाकून बघितलं तर न्यूयॉर्कचं अंतर वाढायच्या ऐवजी पन्नासएक किलोमीटरनी कमी येतं! कारण ती सरळ रेघ मुंबईहून वायव्य-उत्तरेला जाते आणि नाशिकचा विमानतळ जिथं आहे ते ओझर मुंबईच्या ईशान्येला, म्हणजे बरंच उत्तरेकडे आहे. म्हणजे हवेतून बघितलं तर नाशिककर न्यूयॉर्कच्या जास्त जवळ राहतात आणि तरी पावणेदोनशे किलोमीटर उलटं खाली जाऊन विमान पकडतात. पप्पांना हे फार आवडलं, त्यांनी दादाला लगेच फोन करून सांगितलं.

पण नाशिक टाकल्यावर साइटचा जुनाटपणा पण उघडा पडला. नकाशावरची टाचणी ओझरला नाही, नाशिकमधल्याच गांधीनगरला पडली. गांधीनगरचा विमानतळ आर्मीच्या हेलिकॉप्टर पायलटांच्या ट्रेनिंगचा आहे, तिथून तुम्हाला-मला फ्लाइट नाही, प्रवासी विमानं ओझरहून जातात आणि ओझरची धावपट्टी तीन किलोमीटरची आहे. बारा हजार किलोमीटरच्या हिशोबात गांधीनगर आणि ओझर यांच्यातल्या अंतरानी काही बिघडत नाही हे मान्य, पण बाहेरगावचा माणूस ती टाचणी बघून रिक्षा गांधीनगरला घेऊन गेला तर? शिवाय साइट तुम्हाला बिनधास्त सांगते की नाशिक ते न्यूयॉर्क १५ तास ११ मिनिटं, जसं काही ओझरहून रोज रात्री न्यूयॉर्कचं विमान सुटतंय. अशी फ्लाइट आहे की नाही हे तिला माहीतच नसतं, तिला फक्त दोन ठिपके माहीत असतात. ही गोष्ट अगदी मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे आणि ती लिहिलेलीच नाहीये.

आता मुख्य तक्रार, वेळ. मुंबई ते जेएफके साइट सांगते १५ तास १५ मिनिटं. जेएफके ते मुंबई टाकलं तरी १५ तास १५ मिनिटं. इथेच मला शंका आली, मग मी वेगवेगळ्या जोड्या टाकत बसले आणि फॉर्म्युला लक्षात आला. अंतर भागिले ८५० आणि त्यात अर्धा तास चढायला-उतरायला. बस. मुंबई-दिल्ली ११४० किलोमीटर, भागिले ८५०, एक तास वीस मिनिटं, अधिक अर्धा तास, म्हणजे एक तास पन्नास. आता मुंबई-दिल्ली ज्यांनी केलंय त्यांना माहितीये की तिकिटावर दोन तासांच्या वरच लिहिलेलं असतं, कारण मुंबईत धावपट्टीच्या लायनीत उभं राहायला लागतं, दिल्लीत उतरल्यावर गेटपर्यंत बराच वेळ विमान नुसतं जमिनीवर चालत राहतं. विमान कंपन्या जी वेळ छापतात ती गेटवरून चाकं हलल्यापासून तिकडच्या गेटवर चाकं थांबेपर्यंतची असते, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. साइट सांगते ती हवेतली वेळ, ती पण कागदावरची. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या कामाची पहिली.

आणि वारा. हा तर साइटच्या हिशोबात नाहीच्चे. वर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहतो, जेट स्ट्रीम, वेग ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या पण वर जातो, थंडीत जास्त. हे पहिल्यांदा नीट मोजलं ते वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामान शास्त्रज्ञानी, १९२० च्या दशकात फुगे सोडून सोडून, आणि त्यांनी ते एस्परांतो नावाच्या कृत्रिम भाषेत छापलं म्हणून जगात फारसं कोणी वाचलंच नाही, एवढं महत्त्वाचं काम! पप्पांनी वाऱ्याचं गणित मला वहीत करून दाखवलं. विमान हवेच्या मानानी ताशी ९०० नी चाललंय समजा. समोरून १०० चा वारा असेल तर जमिनीच्या मानानी वेग ८००, मग १२,५४० किलोमीटरला पावणेसोळा तास लागतात. तेच मागून १०० चा वारा असेल तर १००० चा वेग, आणि साडेबारा तास. विमान तेच, इंजिन तेच, अंतर तेच आणि फरक तीन तासांच्या वर. प्रत्यक्षात रस्ता सरळ नसतो, वारा पण सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे आकडे जरा वेगळे येतात, पण ढोबळ मानानी मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना पंधरा-सोळा तास आणि येताना चौदाच्या आसपास असं धरून चाला. साइटचे सव्वापंधरा म्हणजे दोन्हीची सरासरी काढल्यासारखं झालं, आणि सरासरीचं विमान कोणी पकडत नाही.

वाऱ्याचं महत्त्व कोणाला पटत नसेल तर दोन उदाहरणं देते. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं, चार तास छप्पन मिनिटात, वादळाचा वारा पाठीशी होता म्हणून. आणि दुसरं आपल्या एअर इंडियाचं, हे तर मला इतकं आवडलं की मी सगळ्यांना सांगत सुटलीये. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट डिसेंबर २०१५ ला सुरू झाली तेव्हा अटलांटिकवरून म्हणजे पश्चिमेकडून जायची. मग ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच बदलली, पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेली. अंतर हजार-चौदाशे किलोमीटरनी वाढलं, साधारण १५,३०० किलोमीटर झालं, आणि तरीही विमान साडेचौदा तासात पोचलं, आधीपेक्षा लवकर! कारण आधी वाऱ्याशी भांडत जायचं आणि आता वाऱ्याबरोबर. आता ही जोडी त्या साइटवर टाकून बघा, तिला हे कधीच सांगता येणार नाही, कारण तिच्या लेखी अंतर जास्त म्हणजे वेळ जास्तच.

तसंच बंगळुरू-सॅन फ्रान्सिस्को. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवावरून विमान आणलं, सरळ अंतरच जवळपास चौदा हजार किलोमीटर. माझ्या मुलीनी पृथ्वीगोलावर तो पण दोरा लावून बघितला आणि तिला तो ध्रुवावरून नाही, तर बराच खालून, पूर्व सायबेरिया आणि अलास्कावरून गेलेला दिसला. सध्या जगात सगळ्यात लांब नियमित फ्लाइट सिंगापूर-न्यूयॉर्क, पंधरा हजार तीनशे किलोमीटरच्या वर, अठरा-साडेअठरा तास. त्या मानानी आपलं मुंबई-न्यूयॉर्क बरंच जवळ म्हणायचं, हे आईला सांगितल्यावर तिला जरा धीर आला.

तिसरी गोष्ट, बंद आकाश. दोऱ्याची सरळ रेघ पाकिस्तान-अफगाणिस्तानवरून जाते हे वर लिहिलंय. पण २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननी भारतीय कंपन्यांच्या विमानांना त्यांची हवाई हद्द बंद केली. त्याचा जास्त फटका दिल्लीला बसला, तिकडून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधन भरायला मध्ये व्हिएन्नाला उतरावं लागलं. मुंबईची विमानं अरबी समुद्रावरून आखाताकडे निघू शकतात म्हणून त्यांना त्रास कमी. पण मग जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल भडकलं, इराणचं आकाश बंद, तेव्हा निघालेली विमानं पण अर्ध्यातून वळवायला लागली. अमेरिकेच्या कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही ते वेगळंच. म्हणजे तेच दोन विमानतळ, तीच तारीख, पण कुठल्या देशाची कंपनी यावर सुद्धा रस्ता आणि तास बदलतात. यातलं काहीही साइटला माहीत नसतं. ती सरळ रेघ मारते आणि मोकळी होते.

मग खरी वेळ बघायची कुठे? मी फ्लाइटरडार२४ वापरलं आणि त्याला मनापासून चांगलं म्हणते. तुमच्या फ्लाइटचा नंबर टाकायचा, मागच्या काही दिवसात तीच फ्लाइट खरंच किती वाजता उडाली, किती वाजता टेकली आणि हवेत किती तास होती ते ओळीनी दिसतं. फुकट अकाउंटवर थोडेच दिवस मागचं दिसतं पण आपल्याला तेवढं पुरतं. निघायच्या आधी आठवडाभर रोज बघा, तुम्हाला त्या हंगामातला वारा आणि त्या दिवसातला रस्ता दोन्ही आपोआप कळतात, कारण विमान खरोखर त्यातूनच गेलेलं असतं. मी आईच्या डॉक्टरांना जो सलग बसण्याचा आकडा दिला तो यावरून काढून दिला, सोळा तास, आणि त्यांनी त्याप्रमाणे गोळ्या कुठल्या वेळी, विमानातलं जेवण आलं की काय करायचं, पायात घट्ट मोजे, दर दीड-दोन तासांनी उठून चालायचं असं सगळं एका कागदावर लिहून दिलं. सगळ्या वेळा "निघाल्यापासून इतक्या तासांनी" अशा लिहिलेल्या, घड्याळाच्या वेळा नाहीतच, ही त्यांची आयडिया फार चांगली होती कारण विमानात घड्याळ कुठल्या देशाचं बघायचं हेच कळत नाही. आईचं आईलाच सगळं समजलं. (हे तिच्यासाठीचं होतं, तुमच्या माणसाचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

घड्याळावरून आठवलं, साइटचं "पोचल्यावरची स्थानिक वेळ" हे फीचर अजिबात वापरू नका. आम्ही उन्हाळ्यातली तारीख टाकली तरी ते थंडीतला फरक धरून उत्तर देत होतं. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे साडेदहा तास, पण मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ते लोक घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेनऊ होतो. समजा विमान रात्री एकला मुंबईहून सुटतंय आणि सकाळी सातला तिथं पोचतंय, बघणाऱ्याला वाटतं सहा तासाचा प्रवास. त्यात उन्हाळ्यात साडेनऊ मिळवा, साडेपंधरा तास झाले. तेच थंडीत साडेदहा मिळवायचे. एवढं साधं आहे, कागदावर करा, एका मिनिटात होतं. एका तासाच्या घोळानी दादा ऑफिसमधून कधी निघणार ते सगळं बदलतं.

आणि तारीख. हे प्रत्येकाला कळकळीनी सांगते. रात्री बारानंतरचं विमान म्हणजे तिकिटावरची तारीख पुढची असते, बुधवार पहाटे एकचं विमान पकडायला नाशिकहून मंगळवारी दुपारी निघायचं असतं. आमच्या कॉलनीत हे सगळ्यांना माहितीये तरी प्रत्येक वेळी घरातला कोणी ना कोणी बुधवारची गाडी सांगून बसतो.

आता तो शून्य स्टारचा आकडा. साइट म्हणते टोटल ट्रॅव्हल टाइम १७ तास १५ मिनिटं, म्हणजे फ्लाइट अधिक विमानतळावरचे दोन तास. नाशिकच्या इंदिरानगरहून निघून एडिसनच्या दारात पोचेपर्यंतचा खरा हिशोब बघा. नाशिक ते मुंबईचं टर्मिनल २ चार तास धरा. आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा घाटाची कटकट वाचते, इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा पार केला की गाडी कुठे अडत नाही, आई म्हणाली कान पण दुखले नाहीत घाटातल्यासारखे. पण आमणेला उतरलात की पुढे भिवंडी, माणकोली, माजिवडा, आणि तिथं समृद्धीनी वाचवलेला सगळा वेळ परत खर्च होऊ शकतो. संध्याकाळी सातच्या सुमारास तिथं पोचायचं नाही, काहीही करून. एक तर तीनच्या आत नाशिक सोडा नाहीतर मुंबईत नातेवाईकाकडे दुपारीच जाऊन टेका. पावसाळ्यात इगतपुरीला धुकं असतं तेव्हा अजून एक तास हातात ठेवा. विमानतळावर चार तास आधी, व्हीलचेअर सांगितली असेल तर नक्कीच, कारण ती मिळायला थांबावं लागतं (व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, आणि ती जरूर सांगा, न्यूयॉर्कला त्या लांबच लांब लायनीत उभं राहण्याचा त्रास वाचतो). मग सोळा तास विमान. इमिग्रेशन आणि बॅगा मिळून तास-दीड तास. जेएफके ते एडिसन दीड तास, ट्रॅफिक असेल तर जास्त, पूर्ण शहर आडवं ओलांडायला लागतं. करा बेरीज, सव्वीस-सत्तावीस तास होतात. साइटच्या आकड्यापेक्षा नऊ-दहा तास जास्त. माझी विनंती एवढीच आहे की ज्यांना माहीत नाही त्यांनी "टोटल" हा शब्द वापरूच नये.

ओझरहून दिल्ली आणि दिल्लीहून न्यूयॉर्क हा पर्याय पण आम्ही बघितला. ओझर-दिल्ली हवेतून हजारएक किलोमीटर, दिल्ली-न्यूयॉर्क पावणेबारा हजारच्या आसपास, बेरीज केली तर मुंबईच्या नॉनस्टॉपपेक्षा फक्त दोनशेएक किलोमीटर जास्त. कागदावर एकदम भारी, घरापासून अर्ध्या-पाऊण तासात विमानतळ, गर्दी नाही, आणि ओझरचं टर्मिनल आहे पण सुटसुटीत. तरुण माणसाला मी हेच सांगेन. पण दोन वेगळी तिकिटं असतील तर पहिलं विमान लेट झालं की दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही, बॅगा दिल्लीत काढून परत टाकाव्या लागतात, आणि दिल्लीची अमेरिकेची विमानं वर लिहिलेल्या कारणानी लांबून जातात. दोघंच वयस्कर माणसं, त्यात पहिली वेळ, म्हणून आम्ही मुंबई धरली आणि तो निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं. एकाच तिकिटावर ओझरपासून न्यूयॉर्कपर्यंत सगळं मिळत असेल तर मात्र जरूर विचार करा.

साइटबद्दल उरलेलं पटकन. मोबाइलवर जाहिराती फार, "बुक नाऊ"चं बटण उत्तराच्या अगदी चिकटून, ज्येष्ठ माणसाचं बोट तिथेच पडतं. मराठीत नाही. विमानतळ शोधताना स्पेलिंग चुकलं तरी बरोबर सुचवते, हे चांगलं. कार्बनचा एक आकडा पण देते, पण कुठलं विमान हे न विचारताच, त्यामुळे त्याचं काय करायचं ते कळत नाही. शाळेच्या प्रोजेक्टला, क्विझला, उत्सुकता म्हणून एकदम मस्त, मुलीनी सगळ्या सुट्टीभर त्यावर जोड्या टाकल्या आणि तिला आता रेकयाविक (आइसलंडची राजधानी) कुठे आहे ते माहितीये.

परतीचं सांगते, कारण त्याबद्दल कोणी लिहीत नाही. येताना वारा पाठीशी असतो, विमान छापलेल्या वेळेच्या आधी पण टेकू शकतं, त्यामुळे नाशिकहून गाडी कधी सोडायची हा प्रश्न येतो. लवकर सोडली तर ड्रायव्हरकाका पार्किंगचे पैसे भरत बसतात, उशिरा सोडली तर चौदा तास बसून आलेली माणसं बाहेर उभी. आम्ही ट्रॅकर, म्हणजे तेच फ्लाइटरडार२४, उघडून बसलो होतो. समुद्रावर विमान गेलं की ट्रॅकरवरचं चिन्ह अंदाजानी सरकवलेलं असू शकतं, कारण पाण्यावर सिग्नल पकडणारे रिसीव्हर नसतात, म्हणून तिथल्या आकड्यावर जाऊ नका. विमान जमिनीच्या वरून उडत असतानाच, म्हणजे समुद्र लागायच्या बराच आधी, ट्रॅकर मुंबईला पोचायची जी वेळ दाखवतो ती धरायची, त्यात इमिग्रेशन आणि बॅगांचा सव्वा तास मिळवायचा आणि त्यातून नाशिक-मुंबईचे चार तास वजा करायचे. म्हणजे विमान टेकायच्या पावणेतीन तास आधी गाडी नाशिकहून निघाली पाहिजे. काका बरोबर त्या वेळेला निघाले, आमण्याच्या पुढं थोडं अडकले, आणि आई-पप्पा ट्रॉली ढकलत बाहेर आले तेव्हा ते पिलरपाशी गाडी लावून उभे होते.